थंडरबर्डच्या भिंतीवरचं लिंबूपिळणं

मे महिन्यातली दुपार. सोलापूरचा मे म्हणजे सांगायला नको, पारा 43 च्या पुढे, पंखा लावला की गरम वाराच अंगावर येतो आणि कूलरमध्ये पाणी ओतून ओतून माणूस दमतो. अशा उन्हात मावशी आली, पूर्व भागातून शेअर रिक्षाने, पदराने मान पुसत. घरात मी एकटाच, वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर एका टॉवेलच्या बॉर्डरचं डिझाईन बसवत होतो, मालक संध्याकाळी मागणार होता. ती म्हणाली, तू बस तुझं काम कर, मी करते सरबत. थोड्या वेळाने खाली आलो तर दोन स्टीलचे पेले भरून तयार, तळाला न विरघळलेली साखर, वर मिठाची चव, आणि ओट्यावर धुऊन पालथं घातलेलं माझं लिंबूपिळणं. शोकेसमधून काढलेलं. शिवाजी महाराजांचा पुतळा आणि पोरीच्या चित्रकलेच्या ट्रॉफीच्या मध्ये, काचेमागे, लाकडी स्टँडवर ठेवलेलं, ते. मावशी वर मलाच बोलली, "काय रे हे, एवढं चांगलं भांडं कपाटात शोभेला ठेवलंय आणि ओट्यावर ते गंजलेलं चिमटं. तुझ्या बायकोला सांगते मी."

आता ते भांडं म्हणजे काय ते सांगतो. मधे उभ्या रेघांचा घुमट, खाली बिया अडवायला दाते, कडेला रस ओतायला चोच, साधं प्लास्टिकचं. आपल्याकडे घरात कुणी आजारी पडलं की मोसंबीचा रस काढायला बाहेर यायचं ना, तसलंच. फक्त हे साठच्या दशकातलं, विलायतेतलं, जुन्या सामानातून शोधून, पोस्टाने मागवलेलं. कारण थंडरबर्ड्स. 1965 साली इंग्लंडमध्ये टीव्हीवर सुरू झालेली बाहुल्यांची मालिका, जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या नवराबायकोची, 32 भाग. तिच्यात थंडरबर्ड वन नावाचं रॉकेट जिथे उभं असतं त्या हँगरच्या भिंतीवर भविष्यकाळातलं काहीतरी यंत्र बसवलेलं दिसतं. ते यंत्र म्हणजे लिंबू पिळायचं प्लास्टिकचं भांडं. सेट बनवणाऱ्यांनी हाताला लागलं ते लावलं आणि रंग मारून मोकळे झाले. पण बघणाऱ्यांनी ते पकडलं, आणि इतकं डोक्यावर घेतलं की 2015 मध्ये मालिका नव्याने केली तेव्हा त्या लोकांनी मुद्दाम लिंबूपिळणं परत भिंतीवर लावलं. जुन्या जुगाडाला सलाम म्हणून.

मी मावशीला काही बोललो नाही. सरबत झकास झालं होतं.

रात्री पुण्याच्या काकांना फोन केला. काका म्हणजे नात्यातले नाहीत, या नादातले, म्हणजे बाहुल्यांच्या मालिकांतल्या वस्तू आणि त्यांच्या प्रतिकृती जमवणारे, रिटायर्ड इंजिनिअर, त्यांच्या फ्लॅटची एक खोली नुसती अशा वस्तूंनी भरलेली आहे आणि काकूंनी त्या खोलीत झाडू मारणं कधीच सोडून दिलंय. मला वाटलं हसतील. ते थोडा वेळ गप्पच बसले आणि मग म्हणाले, लिंबाचं ॲसिड लागलं म्हणजे वरची चमक गेली असणार, बघा बरं उजेडात धरून. मी बघितलं. गेली नव्हती, किंवा मला कळली नाही. उलट खरं सांगायचं तर ओट्यावर, ओल्या फडक्यापाशी, बाजूला पिळलेल्या लिंबांच्या साली पडलेल्या असताना ते भांडं मला शोकेसपेक्षा जास्त बरं दिसलं होतं, आणि हे काही मी काकांना सांगितलं नाही. तेच डोक्यात राहिलं. कितीतरी दिवस. डिझाईन करताना, मंगळवार बाजारात भाजी घेताना, मधेच आठवायचं.

लोकांना वाटतं मी लहानपणी हे सगळं बघायचो म्हणून आता जमवतो. तसं अजिबात नाही. थंडरबर्ड्स मी तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा बघितलं, यूट्यूबवर, रात्री. त्या वेळी जेकार्डच्या, म्हणजे लूमवर विणून काढायच्या नक्षीच्या डिझाईनची कामं घरी आणायचो, रात्रभर चौकोन भरत बसायचं, बाहेर लांबून लूमचा खडखडाट चालू असायचा, आणि झोप येऊ नये म्हणून बाजूच्या मोबाईलवर काहीतरी लावून ठेवायचं. एकदा हे लागलं आणि काम बाजूलाच राहिलं. मोठ्ठी डोकी, बारीक अंग, डोळे इकडून तिकडे फिरतायत, ओठ बोलण्याबरोबर हलतायत. नंतर वाचत गेलो तसं कळत गेलं की डोक्यात सोलेनॉईड, म्हणजे करंट आला की ओढणारं चुंबक, बसवलेलं असायचं, आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या ठोक्यावर बारीक तारेतून करंट खाली यायचा आणि खालचा ओठ हलायचा. म्हणजे जी तार बाहुली उचलतेय तीच तिला बोलायला पण लावतेय. ते यंत्र मावायला डोकं मोठं करावं लागलं. 1967 ला त्याच लोकांनी कॅप्टन स्कार्लेट नावाची मालिका काढली तेव्हा यंत्र डोक्यातून छातीत हलवलं आणि बाहुल्या माणसाच्या मापात आल्या, पण मला विचाराल तर त्यात मजा कमी झाली. मोठ्या डोक्यांच्या बाहुल्यांना स्वतःचा काहीतरी स्वभाव होता, या नुसत्या देखण्या.

आणि चालणं. तारेवरच्या बाहुलीला नीट चालता येत नाही, पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटतच नाहीत, म्हणून त्या लोकांनी गोष्टीच अशा रचल्या की कुणाला चालायला लागू नये. सरकत्या पट्ट्या, उडत्या गाड्या, भिंत फिरली की माणूस थेट विमानात. आणि एखादं बटण दाबायचं असेल, पेला उचलायचा असेल तर पटकन खऱ्या माणसाचा हात दाखवायचे, जवळून. पहिल्यांदा तो हात बघितला तेव्हा मी दचकलो होतो. नखं, शिरा, कातडीच्या सुरकुत्या. बाहुलीच्या जगात मधेच एक खरा हात. त्या हाताने धरलेल्या वस्तूसुद्धा मग माणसाच्या मापाच्या वेगळ्या बनवायला लागायच्या, म्हणजे एकाच पिस्तुलाच्या दोन प्रती, एक बाहुलीच्या मुठीएवढी आणि एक आपल्या. जमवणाऱ्यांमध्ये यावरूनच दोन तट आहेत, बाहुलीच्या मापाची खरी की हाताच्या मापाची खरी. काका बाहुलीच्या मापाच्या बाजूने. मी कुंपणावर.

तर हा नाद असा. मूळ वस्तू मिळत नाहीत, मिळाल्या तर आपल्या बापाच्याने घेणं होणार नाही. एक तर बऱ्याचशा उरल्याच नाहीत, शूटिंग संपलं की मॉडेल मोडायचं आणि त्याचे भाग पुढच्या मालिकेत लावायचे, त्या काळी कुणाला वाटलं होतं पुढे लोक यासाठी जीव टाकतील. मग उरतात प्रतिकृती. रेझिनमध्ये ओतलेल्या, थ्रीडी प्रिंट केलेल्या, कुणी रिटायर्ड माणसाने गॅरेजमध्ये लाकूड तासून केलेल्या. प्रत्येक वस्तूमागे वाद. हा हिरवा तो हिरवा नाही, इथे रेघ अर्धा मिलिमीटर वर पाहिजे, या भागात पडद्यावर ओरखडा आहे तो तुमच्यात का नाही. बाहेरून मागवायचं म्हटलं तर कस्टमची धाकधूक वेगळी. खेळण्यांवरची ड्युटी 2020 ला 20 टक्क्यांवरून 60 केली आणि 2023 ला 70, आता माझी वस्तू खेळणं आहे का शोभेची आहे का आणखी काय, हे उघडून बघणाऱ्याच्या मनावर. बायकोचं मत विचाराल तर तिन्ही नाही, ती त्याला अडगळ म्हणते, आणि त्या सदराखाली ड्युटी बसत नाही.

पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतो तो मळ. डेरेक मेडिंग्ज म्हणून माणूस होता, थंडरबर्ड्सचे स्पेशल इफेक्ट करणारा, पुढे बाँडपटांत आणि 1978 च्या सुपरमॅनमध्ये गेला. तो नवीकोरी मॉडेलं घेऊन मुद्दाम घाण करायचा. काजळी, तेल, पेन्सिलीच्या शिशाची पूड. नवं मॉडेल कॅमेऱ्यासमोर खेळणं दिसतं आणि मळलेलं मॉडेल कामावरचं यंत्र दिसतं, हे त्याला कळलं होतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. चालू लूमवर किटण असतंच, तेल आणि सुताची पिंज मिळून एक करडा थर चढतो, तो खरवडला तरी खाली दुसरा असतो. आणि स्फोट आणि पडझड तो भरधाव फिरणाऱ्या कॅमेऱ्याने, सेकंदाला 120 चित्रांनी घ्यायचा, म्हणजे नेहमीच्या वेगाने दाखवलं की टीचभर इमारत पण जडशीळ होऊन, सावकाश कोसळते. 2023 च्या जूनमध्ये आपल्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी पाडली ना, तेव्हा सगळं गाव कुणाचं बरोबर कुणाचं चूक यावर भांडत होतं आणि मी मेला मोबाईलवर तो व्हिडिओ स्लो करकरून बघत होतो. आधी पायथ्याशी धूर, मग वरचा भाग क्षणभर हवेत तसाच, मग कलणं. नेहमीच्या वेगात ती चिमणी मला खोटी वाटली, हलकी. स्लो केली तेव्हा खरी वाटली. हे मी ऑफिसात बोललो आणि एकाने माझ्याकडे असं बघितलं की विषय बदलला. त्याचा ऊस जायचा त्या कारखान्याला.

मी स्वतः पण बनवतो. सगळं विकत घेणं झेपत नाही हे एक, आणि हात स्वस्थ बसत नाहीत हे दुसरं. पार्क चौकातून स्प्रेचे डबे, गाड्यांच्या पेंटरकडची लांबी, एमडीएफचे तुकडे सुताराकडून फुकट. लिंबूपिळणं मागवलं होतं ते पण याच्यासाठीच, हँगरची ती भिंत बनवायची, तिच्यावर हे बसवायचं आणि रंग मारायचा. भिंत बनली. तिच्यावर बाकीचे पाईप, नळ्या, झाकणं लावायची होती. काकांनी मला मूळ सेटचे फोटो पाठवलेले, प्रत्येक नळीवर बाण काढून, ही अमुक किटमधली, ही तमुक. एअरफिक्सच्या, तुकडे जोडून बनवायच्या प्लास्टिकच्या विमानांच्या, रेल्वेच्या किट फोडून त्या लोकांनी भाग लावलेले, म्हणजे काटेकोर प्रतिकृती करायची तर आज साठ वर्षांपूर्वीची तीच किट शोधायची, महागात घ्यायची, आणि फोडायची. मी ते करायला बसलो होतो खरंच. मग एका रविवारी भंगारात काढलेल्या लूमचं सामान एका ओळखीच्या शेडबाहेर पडलेलं दिसलं. सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या, आडवा धागा नेणारा फुटका धोटा, उभे धागे उचलणाऱ्या वयीच्या तारा, दातेरी चाकं. एक कांडी उचलली, उलटी धरली, आणि आईशप्पथ, रॉकेटचं इंधन भरायची नळी. धोटा आडवा ठेवला तर त्याची टोकं पितळेची, मधे पोकळी, त्याला नुसता करडा रंग दिला की झालं अंतराळयान. गोणी भरून घेऊन आलो. शेडवाल्याने पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं की तब्येत बरी आहे ना.

काकांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "छान आहे. पण ही ती भिंत नाही."

बरोबर आहे त्यांचं. ही ती भिंत नाही. पण इंग्लंडमधल्या स्लाव गावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या शेडमध्ये, हो, अँडरसनचा स्टुडिओ पण इंडस्ट्रियल इस्टेटमधलीच शेड होती, आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत असतात तसलीच काहीतरी, तिथल्या पोरांच्या हाताशी लिंबूपिळणं होतं म्हणून लिंबूपिळणं लागलं. कांड्या असत्या तर कांड्या लागल्या असत्या. त्यांनी घाईत, डेडलाईनच्या बोंबेत, जे केलं ते आम्ही आता भिंग लावून, सावकाश, सोवळ्यात करतोय. मला कधी वाटतं यात काहीतरी वेडेपणा आहे. आणि कधी वाटतं वेडेपणा नाही, प्रेम असंच असतं, माणूस आवडला की त्याच्या गालावरचा व्रणसुद्धा आवडतो, तो कसा पडला हे कशाला बघायचं. दोन्ही वाटतं. ज्या दिवशी काकांशी बोलतो त्या दिवशी दुसरं, ज्या दिवशी शेडवर जातो त्या दिवशी पहिलं.

माझ्या स्वतःच्या लहानपणी टीव्हीवर बाहुल्या म्हणजे रामदास पाध्ये. शेजाऱ्यांचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, शटर सरकवायचा, त्याच्यासमोर आम्ही पोरं फरशीवर, मागे बायका, दारात उभे बाप्ये. अर्धवटराव फाडफाड बोलायचा आणि मोठी माणसं ज्या गोष्टींना हसायची त्या आम्हाला कळायच्या नाहीत, तरी आम्ही हसायचो. मला सगळ्यात आवडायचा लिज्जत पापडाचा ससा. तो पण पाध्यांचाच. जाहिरात केवढीशी, पण ससा पापड खायचा आणि असा खिदळायचा की बस्स. मला तो ससा पाहिजे होता. बाजारात नव्हता, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर सगळे खेळण्यांचे स्टॉल पालथे घातले, वाघ होते, माकडं होती, डोलणाऱ्या मानेच्या बाहुल्या होत्या, तो ससा नव्हता. मी यात्रेत आडवा पडून रडलो असं आई सांगायची.

मग मावशीने करून दिला. हीच मावशी. तेव्हा ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती, कडा मारायला, तिथे डाग पडलेले, धागा सुटलेले टॉवेल कामगारांना स्वस्तात मिळायचे. तसल्या एका पांढऱ्या टॉवेलचा ससा. हात आत घालायचा, बोटाने मान हलवायची. डोळे शर्टाच्या बटणांचे, एक काळं आणि एक तपकिरी कारण जोडी मिळाली नाही, कानांत पुठ्ठा, आणि पुढचे दोन दात चक्क प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापलेले. त्या टॉवेलचे फासे बोटांना आतून खरखरीत लागायचे आणि ससा ओला झाला की त्याला पावसाळ्यातल्या दोरीवरच्या कपड्यांचा वास यायचा, कारण शेवटी तो टॉवेलच होता, पाणी प्यायचा. मी त्याला खरे पापड खायला घालायचो. मुंग्या लागल्या. पुढे कधीतरी तो गेला, भाड्याचं घर बदलताना असेल, मला त्याचं जाणं आठवत पण नाही.

तर त्या सरबताच्या दिवशी, पेला हातात घेऊन, मी मावशीला विचारलं, मावशे, तो टॉवेलचा ससा आठवतो का गं. म्हणाली, कसला ससा? मी सगळं वर्णन केलं, बटणं, कान, दात. तिने विचार केला, खरंच केला, मला दिसत होतं. मग म्हणाली, मी बाबा गोधड्या शिवलेल्या आठवतात, तुझी मुंज आठवते, ससा काय आठवत नाही. केला असेल. तेव्हा चिंध्यांचं काय काय करायचो आम्ही. मी म्हटलं परत करशील का तसाच. तिने हात पुढे करून दाखवले, बोटांची पेरं सुजलेली, सुई धरवत नाही आता. आणि मग ती भावाच्या पोराच्या लग्नाकडे वळली, कार्यालय कुठलं घेतलं, आहेराला काय द्यायचं. मी ऐकत होतो, हूं हूं करत होतो, पण आतून जरा लागलं. राग नव्हता तो, कशाचा राग. म्हणजे बघा, स्लावच्या एका शेडमधल्या भिंतीवरच्या प्रत्येक नळीचा मला पत्ता आहे, आणि माझ्या सशाला साक्षीदार मी एकटा. फोटो नाही. काकांसारखा कुणी बाण काढून सांगणारा नाही की डावीकडचं बटण काळं होतं. मी उद्या तो करायला घेतला तर बरोबर झाला का चुकला हे ठरवणार कोण, मीच. आणि माझी आठवण पक्की आहे असं मला वाटतं, पण आईला यात्रेतलं माझं रडणं आठवायचं आणि मला ते अजिबात आठवत नाही, त्यावरून बोला.

मोठ्यांच्या घरी पण सुरुवात चिंध्यांचीच. अमेरिकेतल्या मपेट्स बाहुल्या करणाऱ्या जिम हेन्सनने 1955 मध्ये त्याचा प्रसिद्ध बेडूक, पहिला कर्मिट, केला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा, डोळे म्हणजे पिंगपाँगचा बॉल मधोमध कापलेला. तेव्हा तो बेडूक पण नव्हता, नुसताच काहीतरी प्राणी, बेडूक नंतर झाला. तो कोटाचा कर्मिट आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. कापडाचा म्हणून टिकला. नंतरच्या मपेट्समध्ये फोम आला आणि फोमचं आयुष्य कमी, आतल्या आत पिवळा पडतो, भुगा होतो, म्युझियमवाले आता तेच निस्तरत बसलेत. माझी पोरगी लहान असताना 2006 ला आपल्याकडे टीव्हीवर गली गली सिम सिम ही बाहुल्यांची मालिका सुरू झाली, त्यातली चमकी, शाळेच्या ड्रेसमधली, दोन वेण्यांची, तिची फार लाडकी. मागे मी तिला म्हटलं तुझ्यासाठी चमकीचं दप्तर बनवू का, अगदी तसंच, तर म्हणाली, "बाबा, मला चमकी आवडायची, दप्तर नव्हतं आवडत." आणि हेडफोन परत कानात. हे वाक्य काकांना सांगितलं तर ते म्हणाले, चाळिशी येऊ दे तिची.

लिंबूपिळण्याला मी अजून रंग मारलेला नाही. सध्या ते खाली ओट्याजवळच्या फळीवर असतं आणि बायको पण वापरते, मोसंबीला बरं पडतं म्हणते. भिंत वर खोलीत तशीच, त्या जागी भोक. काका दर आठवड्याला विचारतात.

आणि आता नवीन काढलंय, बॅगपस. तेही असंच, इंग्लंडच्या टीव्हीवरचं, 1974 चं, फक्त 13 भाग, एका दुकानात झोपलेलं जाडजूड कापडी मांजर, गुलाबी आणि पांढरट पट्ट्यांचं. ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन या दोघांनी केंटमधल्या एका शेतावर, गुरांच्या जुन्या गोठ्यात बसून एकेक फ्रेम हलवत केलेलं. पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. त्या मांजराचा रंग केशरी असणार होता, आपल्याकडे गल्लीत बोके फिरतात तसला. कापड रंगवून आलं ते गुलाबी. रंगवणाऱ्यांकडून चुकलं. आणि त्यांनी ते परत न पाठवता तसंच मांजर शिवलं. मी आयुष्यात इतके शेड फेल गेलेले लॉट बघितलेत, इतक्या वेळा पार्टीने माल परत पाठवताना झालेली भांडणं ऐकलीत, की ही गोष्ट वाचून मी एकटाच हसत सुटलो. डाइंगवाल्याची एक चूक पास झाली आणि तिच्यावर एका अख्ख्या देशाची पोरं वाढली.

मला ते कापड इथेच विणून पाहिजे. टेरीचंच, फासे वरून कापलेले, म्हणजे मखमलीसारखं होतं, सोलापुरात हे होणार नाही तर कुठे होणार. सॅम्पलच्या लूमवर थोडं काढून देतो म्हणून एक मित्र तयार आहे, फक्त सूत त्या गुलाबीत रंगवून आण म्हणाला. तर मी गेलो अण्णांच्या डाइंगला. अण्णा साठीचे, कोपरापर्यंत हात कुठल्या ना कुठल्या रंगाचे, त्या दिवशी निळे होते. बाहेर बांबूवर सुताच्या ओल्या हँका, म्हणजे लडी, वाळत घातलेल्या, खालच्या गटारीतून जांभळं पाणी चाललेलं, आत वाफ आणि त्या सोड्याचा घशात बसणारा वास. मी मोबाईलवर बॅगपस दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन उजेडात नेऊन बघितली, शेड कार्ड काढलं, तीन-चार गुलाबी लावून बघितले आणि म्हणाले, मोबाईलवरून शेड मॅच होत नाय, कापड आणा. मी म्हटलं कापड इंग्लंडमधल्या म्युझियममध्ये आहे. मग म्हणाले, हे फिकट झाल्यावरचं मारायचं का नवं होतं तेव्हाचं? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि काकांकडे पण नसणार, हा प्रश्न आत्तापर्यंत आमच्यात कुणी विचारलाच नव्हता. मी तेव्हा त्यांना सगळी हकीकत सांगितली, केशरी मागितलेला, गुलाबी आला, चूक झाली, आणि मला अगदी तीच चूक पाहिजे, बरोब्बर. आजूबाजूची दोन पोरं काम थांबवून ऐकत होती. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "मग आधी केशरी टाकून चुकवायचं, का डायरेक्ट गुलाबी?"

म्हटलं, अण्णा, डायरेक्ट.

"मग शनिवारी लॅब डिप, रंगवलेला नमुना, बघायला या. आणि एक सांगतो, तुम्ही पास केल्यावर मग परत यायचं नाय, शेड बरोबर आली म्हणून."

पाचशे ॲडव्हान्स घेतले त्यांनी.